निदानाची मजुरी

(बी. कॉम. भाग दोन)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या इंजिनावर लेख लिहावा, हे वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. नावे आणि जमा यांच्या पलीकडे आमची धाव नाही, असा आमच्या शाखेविषयी सर्वसाधारण समज आहे. तरीही मी हा विषय घेतला, कारण तो वाटतो तितका आमच्या अभ्यासक्रमाबाहेरचा नाही. इंजिनातही एक हिशेब चालू असतो. हवा आत येते, पेट्रोल आत येते, दोन्हींचे माप घेतले जाते आणि मापे जुळली नाहीत की नुकसान होते. ते नुकसान कुठून होते हे शोधून काढणाऱ्या माणसाला आपण त्या शोधाचे पैसे देतो का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

डॉक्टरांनी नुसते तपासले, औषध दिले नाही, तरी आपण त्यांची फी देतो. वकिलाचा सल्ला फुकट मिळत नाही. हिशेबतपासनीसाला वर्षअखेरीस एकही अफरातफर सापडली नाही, तरी त्याचे बिल कोणी अडवत नाही. उलट संचालक मंडळ समाधानाचा सुस्कारा टाकते. मग मोटार-मिस्त्रीने दोन दिवस डोके लावून दोष शोधला आणि एकही महागडा भाग बसवावा लागला नाही, तर त्याला पैसे देतानाच आपला हात का आखडतो? माझे मत असे आहे की, हा आखडलेला हात शेवटी ग्राहकालाच महागात पडतो. हे मत मी ऐकीव गोष्टींवर बांधलेले नाही. एका इंजिनाचा दोष शोधताना मी जवळ उभा होतो. तो दोष कसा सापडला, हेच आधी सांगतो.

माझे आजोळ ग्वाल्हेरचे. तिथे लष्कर भागात 'शिंदे की छावनी' नावाची वस्ती आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला आपल्या फौजेचा तळ दिला. तो तळ उठला नाही. त्याचेच शहर झाले आणि नाव 'लष्कर' असेच राहिले. मराठी सरदाराचे आडनाव, मध्ये हिंदी 'की' आणि पुढे छावणी, अशी या नावाची घडण तिथल्या मराठी घरांतल्या बोलीसारखीच आहे. या वस्तीत माझ्या मामांचे छोटेसे गॅरेज आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या वह्या लिहून देण्याचे काम माझ्याकडे होते. वह्या लिहिता लिहिता मी गाड्यांकडे पाहू लागलो, आणि एका गाडीने मला वर्षभराच्या तासांपेक्षा अधिक शिकवले.

ती एक जुनी, टर्बो असलेली पेट्रोल मोटार होती. टर्बोचे तत्त्व सोपे आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूच्या जोरावर एक चाक फिरते, आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, त्या प्रमाणात पेट्रोल जास्त, म्हणून लहान इंजिनातून मोठी ताकद मिळते. आपल्याकडे पेट्रोल इंजिनाला टर्बो ही एके काळी हौशी माणसांची गोष्ट होती. २००४ च्या सुमारास औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जुळणी होणारी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आली. २०१० मध्ये रांजणगावच्या कारखान्यातून फियाटची लिनिया टी-जेट आली. २०१७ मध्ये टाटांची नेक्सॉन आली. आज तर साध्या कुटुंबाच्या गाडीतही टर्बो असतो. यातल्या पहिल्या गाड्या आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. इंजिन निकामी झाले की नवे घेणे परवडत नाही. मग भंगारात निघालेल्या तशाच गाडीचे इंजिन आणून बसवतात. इंजिनाचा क्रमांक नोंदणी-प्रमाणपत्रात असतो, त्यामुळे ही अदलाबदल परिवहन कार्यालयामार्फत रीतसर नोंदवावी लागते. मन मानेल ते इंजिन बसवण्याची हौस मात्र कायद्यात बसत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा अर्थ लावताना, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. या गाडीत त्याच जातीचे, त्याच ताकदीचे इंजिन रीतसर बसवले होते. तरीही नव्या इंजिनाने गाडी नीट चालेना. मिस्त्री लोकांच्या भाषेत ती 'लीन' चालत होती.

'लीन' हा शब्द ऐकून मला गंमत वाटली. मराठीत काय किंवा कन्नडमध्ये काय, 'लीन' हा संस्कृतातून आलेला, देवळात शोभणारा शब्द. गॅरेजमधला लीन इंग्रजीतला, आणि त्याचा अर्थ रोडका. लीन इंजिन म्हणजे ज्याच्या वाट्याला हवेच्या मानाने पेट्रोल कमी येते ते. एक किलो शुद्ध पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हा झाला तोल. टर्बो जोरात हवा भरत असताना मात्र मिश्रण मुद्दाम दाट ठेवतात. एक किलो पेट्रोलमागे साधारण साडेबारा किलोच हवा. ते जास्तीचे पेट्रोल वाफ होताना आतली उष्णता शोषून घेते. नेमके त्याच वेळी मिश्रण पातळ झाले, तर आतले तापमान वाढते, मिश्रण वेळेआधी भडकते, ठोके ऐकू येतात, आणि दुर्लक्ष केले तर पिस्टन फुटतो किंवा वितळतो. म्हणजे लीन चालणारे टर्बो इंजिन हे काही किरकोळ दुखणे नव्हे. दुसऱ्यांदा इंजिन आणण्याची पाळी त्या मालकावर येऊ शकली असती.

गाडी मामांकडे आली तेव्हा तिच्याबरोबर बिलांची एक पिशवीही आली. आधी दोन ठिकाणी ती दाखवून झाली होती. पेट्रोलचा पंप नवा, फिल्टर नवा, इंजेक्टर साफ केलेले, हवेचे माप घेणारा सेन्सर नवा, ऑक्सिजन सेन्सर नवा. तक्रार मात्र जुनीच: चढावर किंवा जोरात पिकअप घेताना गाडी लचके देते, ठोके येतात आणि प्लग काढले तर टोके पांढरीफटक. स्कॅनर लावला तर एकही दोष दिसत नाही. ती बिले मी बेरीज करून पाहिली. प्रत्येक बिलात सामानाची किंमत होती, बसवण्याची मजुरी होती. काय तपासले आणि काय आढळले, याची एक ओळही कुठल्या बिलावर नव्हती.

मामांनी पहिल्या दिवशी एकही पाना उचलला नाही. "पहिले हे बघू, बीमारी खरंच आहे की नाही," ते म्हणाले. याला कारण आहे. ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत बसतो आणि जळून उरलेला प्राणवायू मोजतो. त्याच्या आधी नळीला बारीक चीर असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर 'मिश्रण पातळ' अशी खोटी साक्ष देतो. एखाद्या सिलिंडरात ठिणगीच पडत नसेल, तर तिथला न वापरलेला प्राणवायू बाहेर येतो, आणि पेट्रोल भरपूर असूनही साक्ष 'पातळ' अशीच होते. म्हणून आधी नळीचे सांधे पाहिले, ठिणगी पाहिली. दोन्ही ठीक होते. मग त्यांनी स्वतःचा वाइडबँड सेन्सर लावला. गाडीत मुळात बसवलेला सेन्सर मिश्रण तोलाच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढेच सांगतो. वाइडबँड किती अलीकडे आणि किती पलीकडे, तेही सांगतो. त्याच्या मापात १ म्हणजे तोल, १ पेक्षा कमी म्हणजे दाट. मोकळ्या रस्त्यावर क्षणभर पिकअप घेतला. जिथे ०.८५ दिसायला हवे होते, तिथे १.०२ दिसले, आणि मामांनी लगेच पाय काढून घेतला. दुखणे खरे होते.

दुसरा प्रश्न: दुखणे केव्हा होते? इथे माझे वाणिज्य कामास आले. गाडीचा संगणक ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो. ऑक्सिजन सेन्सरने 'कमी पडले' म्हटले की तो थोडे वाढवतो, 'जास्त झाले' म्हटले की घटवतो, आणि ही वाढ-घट टक्क्यांत लिहून ठेवतो. तिला 'फ्युएल ट्रिम' म्हणतात. आपली तेरीज जुळली नाही की फरक आपण तात्पुरता निलंबन खात्यात टाकतो. फ्युएल ट्रिम म्हणजे इंजिनाचे निलंबन खाते. हे खाते कोणत्या वेळी फुगते यावरून चूक कुठे असावी याचा अंदाज येतो. हवेचे माप घेणाऱ्या सेन्सरच्या पुढे कुठे गळती असेल, तर इंजिन नुसते उभ्याने चालू असताना आकडा मोठा दिसतो आणि वेग वाढवला की लहान होतो, कारण चोरवाटेने येणारी हवा एकूण हवेच्या मानाने नगण्य ठरते. पंप किंवा फिल्टर कमी पडत असेल, तर आकडा ओझ्याबरोबर वाढत जातो. हवेच्या सेन्सरची नळीच बदलली असेल, तर माप सगळीकडे चुकते: ६३ मिलिमीटरच्या जागी ७० मिलिमीटर व्यासाची नळी आली, तर तेवढीच हवा अधिक संथ वाहते आणि सेन्सर ती सुमारे १९ टक्के कमी मोजतो. इंजिन बदलताना अशा चुका नेहमी होतात. एका गाडीची नळी, दुसऱ्या गाडीचा सेन्सर, आणि संगणक तिसऱ्याच हिशेबाने चाललेला.

या गाडीत मात्र निलंबन खाते जवळजवळ रिकामे होते. इंजिन उभ्याने चालू असताना आकडा शून्याच्या आसपास, सावकाश चालवताना दोन-तीन टक्के. म्हणूनच स्कॅनरला दोष दिसत नव्हता. पूर्ण जोर लावल्यावर हा संगणक सेन्सरचे ऐकत नाही. तक्ता आणि आधी शिकलेली दुरुस्ती यांवरच चालतो. दुखणे नेमके तिथे होते, जिथे तपासणी होत नव्हती.

तिसरा प्रश्न: हवा जास्त येते की पेट्रोल कमी येते? टर्बोचे तोंड बंद करून आत बेताचा दाब भरला आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी फासले. कुठेही बुडबुडा नाही. मग पेट्रोलच्या बाजूला प्रेशर गेज लावला. अशा इंजिनात एक छोटा रेग्युलेटर असतो. इंजेक्टरच्या मागचा पेट्रोलचा दाब आणि पुढचा हवेचा दाब, यांतला फरक कायम ३ बार राखणे हे त्याचे काम. त्यासाठी हवेच्या मॅनिफोल्डमधून एक बारीक रबरी नळी त्याच्याकडे येते. तिच्यातून त्याला हवेच्या दाबाची बातमी कळते. इंजिन उभ्याने चालू असताना मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, म्हणून गेजवर २.५ च्या आसपास आकडा दिसला पाहिजे. नळी उपटली की सुई ३ वर उडी मारते. इथे सुई आधीपासूनच ३ वर होती. मामांनी नळी उपटण्यासाठी इंजिनाच्या मागच्या बाजूला हात घातला, तर तिथे नळीच नव्हती. भंगारातून आलेल्या इंजिनावर ती राहिलेली नव्हती, आणि मॅनिफोल्डचे तोंड कोणीतरी रबरी टोपी घालून नीटनेटके बंद केले होते. सगळे भाग धडधाकट, सगळे सांधे पक्के. मोडलेले काहीच नव्हते; एक नोंदच राहून गेली होती.

आता हिशेब पाहा. टर्बोने ०.६ बार दाब भरला की पेट्रोलचा दाबही तितकाच वाढायला हवा. बातमी न मिळाल्यामुळे तो ३ वरच राहिला आणि फरक उरला २.४ बार. इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल दाबातल्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जाते. २.४ ला ३ ने भागून वर्गमूळ काढले की ०.८९ येतात, म्हणजे पेट्रोल सुमारे ११ टक्के कमी. उलट, इंजिन उभ्याने चालू असताना फरक ३ ऐवजी ३.५ बार होतो, आणि तोच हिशेब पेट्रोल ८ टक्के जास्त असल्याचे सांगतो. मग त्या वेळी निलंबन खात्यात उणे ८ दिसायला हवे होते. ते शून्य का दिसले?

उत्तर पेट्रोलच्या टाकीत होते. मामांनी मोजपट्टी असलेल्या काचेच्या नळीत पेट्रोल घेतले, त्यात पाणी घालून हलवले आणि ठेवून दिले. पेट्रोलमधले इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर तेवढा वाढतो. थर २० टक्के इथेनॉलचा हिशेब सांगत होता. यात बेकायदा काही नाही. २०२५ मध्ये देशभर २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठल्याचे सरकारने जाहीर केले आहे. आपल्या सीमाभागातल्या साखर कारखान्यांचेही इथेनॉल त्यात जाते, तेव्हा त्याची ओळख आपल्याला करून द्यायला नको. पण इथेनॉलच्या अंगात स्वतःचा प्राणवायू असतो. एक किलो इथेनॉलला ९ किलो हवा पुरते, आणि २० टक्के मिश्रणाला १४.७ ऐवजी सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला ८ टक्के इंधन जास्त द्यावे लागते. ही गाडी बेतली गेली तेव्हा असे मिश्रण कोणाच्या मनातही नव्हते.

म्हणजे काय झाले? उभ्या इंजिनात राहून गेलेल्या नळीमुळे इंधन ८ टक्के जास्त जात होते आणि इथेनॉलमुळे ८ टक्के जास्तच हवे होते. एका चुकीने दुसरी गरज झाकली आणि तेरीज जुळली! आमच्या पुस्तकात यांना भरपाई चुका म्हणतात, आणि तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असे समजू नये, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. जोर लावल्यावर मात्र दोन्ही गोष्टी एकाच बाजूला गेल्या. ११ टक्के कमी मिळत होते आणि ८ टक्के जास्त हवे होते. मिळून गरजेपेक्षा सुमारे १८ टक्के इंधन कमी. ०.८५ च्या जागी १.०२ का दिसले, हे आता वेगळे सांगायला नको.

वीतभर नळी आणि दोन क्लिपा लावल्या. यापुढचा भाग मला सर्वांत बोधप्रद वाटतो. दुरुस्तीनंतर स्कॅनरवरचा आकडा बिघडला! शून्याच्या जागी सगळीकडे अधिक ८ दिसू लागले. गाडीमालक घाबरले: "पहले तो ज़ीरो था, अब आठ कैसे हो गया?" पण ते ८ इथेनॉलचे होते, आणि आता उघडपणे खात्यावर आले होते. संगणकाने ती दुरुस्ती शिकून घेतली आणि जोर लावतानाही वापरली. वाइडबँडवर ०.८५ च्या जवळचा आकडा आला, ठोके गेले. जुळलेला खोटा हिशेब आणि न जुळलेला खरा हिशेब यांतला फरक मी वहीत पुष्कळदा लिहिला आहे. डोळ्यांनी पाहिला तो तिथे.

आता बिल. नळी आणि क्लिपा मिळून शंभर रुपयेसुद्धा नव्हते. मामांनी त्याखाली दीड दिवसाची तपासणीची मजुरी लिहायला मला सांगितली. मालकांनी बिल पाहून विचारले, "भाईसाहब, सामान तो कुछ लगा ही नहीं, पैसे किस बात के?" हेच गृहस्थ आधीची बिले बिनतक्रार देऊन आले होते, त्यांत पंप होता, सेन्सर होते, हातात धरता येईल असे काहीतरी होते. शेवटी घासाघीस होऊन एका दिवसाची मजुरी मिळाली. मामा काही बोलले नाहीत. त्यांना याची सवय असावी.

मालकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. सभ्य गृहस्थ होते आणि आधीच पोळलेले होते. प्रश्न आपल्या सर्वांच्या सवयीचा आहे. ग्राहक फक्त सामानाचे आणि ते बसवण्याचे पैसे देणार, शोधण्याचे देणार नाही, असे एकदा ठरले की गॅरेजचे उत्पन्न सामानावरच्या नफ्यातून येणार, हे उघड आहे. विचार करण्यात गेलेला तास बुडीत आणि पंप बदलण्यात गेलेला तास कमाईचा, अशी व्यवस्था आपणच केली, तर मिस्त्री पंपच बदलणार. त्याला लबाड म्हणण्याचे कारण नाही; बाजार ज्याचे पैसे देतो, तेच तो विकतो. यात तिहेरी नुकसान होते. चांगले भाग भंगारात जातात, दोष तसाच राहतो, आणि प्रत्येक नव्या भागाबरोबर आणखी एक अनोळखी गोष्ट गाडीत आल्यामुळे पुढच्या शोधकर्त्याचे काम अवघड होते. त्या मालकांनी जुन्या बिलांत मोजलेले पैसे मामांच्या दीड दिवसाच्या मजुरीच्या कितीतरी पट होते. तिथे ते तपासणीला वाचले आणि सामानात गेले.

यावर कोणी म्हणेल, निदानाचे पैसे द्यायचे ठरवले की मिस्त्री नुसती मान हलवून पैसे उकळतील. शंका रास्त आहे. पण तिचे उत्तर आमच्या अंकेक्षणाच्या विषयातच आहे. हिशेबतपासनीसावर आपण विश्वास ठेवतो तो त्याच्या चेहऱ्याकडे पाहून नव्हे. त्याने काय तपासले याची कागदपत्रे तो ठेवतो म्हणून. १८९६ च्या किंग्स्टन कॉटन मिलच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की, तो राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा नव्हे. एवढे वाक्य आम्ही सगळे परीक्षेत लिहितो. त्याच निर्णयात पुढे असेही आहे की, संशयाला जागा दिसली तर मात्र त्याने तळ गाठला पाहिजे. मिस्त्रीकडे तर गाडी येते तीच संशय घेऊन. तेव्हा त्यानेही कागद ठेवावा. आधी काय मोजले, किती असायला हवे होते, किती आढळले, काय केले, नंतर किती आढळले, असे पाच रकाने पुरेत. कागद नसेल तर निदानाची मजुरी नाही, आणि कागद असेल तर दोष लहान निघाला म्हणून मजुरी लहान नाही. रक्कम आधी ठरवावी. काढलेला प्रत्येक भाग ग्राहकाला परत द्यावा. माप घेतल्याशिवाय एकही भाग बदलू नये. यासाठी नवा कायदा नको. बिलाच्या छापील पुस्तकात एक रकाना वाढवायचा आहे.

दुसरा आक्षेप गरिबीचा. साध्या माणसाला हा जादा खर्च कसा परवडणार? मला वाटते, न परवडणारी गोष्ट अंदाज ही आहे. ज्याच्याकडे पैसा आहे तो तीन वेळा पंप बदलू शकतो. ज्याच्याकडे नाही, त्याला पहिल्याच खेपेला बरोबर उत्तर हवे असते. खरे म्हणजे निदानाची अधिक गरज त्यालाच आहे.

शेवटी आम्हां विद्यार्थ्यांविषयी आणि प्राध्यापकवर्गाविषयी थोडे. आपण कारकुनाच्या टेबलाला बुद्धीचे काम आणि गॅरेजमधल्या ओट्याला हाताचे काम समजतो. माझे मामा दहावीनंतर शिकले नाहीत. त्यांनी भरपाई चूक हा शब्द ऐकलेला नाही, पण ती पकडली. आम्ही तो शब्द पाठ केला आहे. पकडण्याची वेळ आल्यावर आमच्यापैकी कितीजण तेरीज जुळल्याबरोबर वही मिटवतील? कन्नडमध्ये हिशेबाला 'लेक्क' म्हणतात. आमच्या भागात मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांतले दुकानदार हिशेबात फसवले जायला तयार नसतात. पण लेक्क करणाऱ्याची मजुरी द्यायची म्हटले की दोन्ही भाषांत सारखाच आवाज निघतो! अंकेक्षणाच्या विषयात आपल्याला वर्षातून एक प्रकल्प करावा लागतो. तो दर वर्षी त्याच त्या काल्पनिक कंपन्यांवर करण्याऐवजी, गावातल्या एखाद्या गॅरेजची, पंपदुरुस्तीच्या दुकानाची किंवा मोटर-रिवाइंडिंगवाल्याची बिले तपासून करावा, अशी माझी विनंती आहे. किती पैसे सामानाचे, किती बसवण्याचे आणि किती शोधण्याचे, हे तीन आकडे वेगळे काढून पाहावेत. तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी शून्य येईल, असा माझा अंदाज आहे. ते शून्य पाहून तेरीज जुळली असे आपण समजू नये.